यानाच्या झाकणाला चार भोकं

विजू, मंगळवारी सव्वाअकराच्या सुमाराला तू म्हणालीस, "कुंदे, खळ जरा ढवळ गं, मी बसते." आणि बसलीस. मी खळ ढवळली. एक गुठळी होती, ती पळीने पातेल्याच्या कडेला दाबून मोडली आणि म्हटलं, "मैदा चाळून घेत जा, किती वेळा सांगायचं तुला?" तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, फुगलीस. वळून बघितलं तर पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसलेली, चष्मा नाकावर, हातात ब्रश. मी परत म्हटलं, "ऐकतेस का?" त्यानंतर किती हाका मारल्या ते मला आठवत नाही. शेजारचा वेल्डिंगवाला माझ्या ओरडण्याने धावत आला, असं तो सांगतो. मला तर मी ओरडल्याचंही आठवत नाही.

असं कुठे असतं का गं? माणूस आजारी पडतं, दोन दिवस झोपून राहतं, निदान "बरं वाटत नाही" एवढं तरी म्हणतं. तू सकाळी डबा आणलास, त्यात सुक्या बोंबलाची चटणी होती, आणि मला बजावलंस की दुपारचा भात मी लावायचा. डॉक्टर म्हणाले, "जागच्या जागी गेल्या, त्रास झाला नाही." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हटलं, "अहो, पण खळ अजून गरम आहे." भाऊजींना स्टेशनातून बोलवून आणलं तेव्हा त्यांच्या अंगावर रेल्वेचा शर्ट होता आणि हातात अर्धवट भरलेलं रजिस्टर. ते तसंच धरून उभे होते.

आज पंधरावा दिवस. मला नीट रडूही आलेलं नाही. सगळे म्हणतात, कुंदा खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! मला अजून पटलेलंच नाही. काल कारखाना उघडला, झाडलं, तुझा ब्रश पाण्यात भिजत घातला. मग तिथेच स्टुलावर बसून राहिले दोन तास. कारखाना म्हणायचं आपलं, आहे काय तर पत्र्याची एक शेड. पण बावीस वर्षं झाली गं. घोलवड-बोर्डीच्या अर्ध्या वाड्यांचे चिकू आपल्या पेट्यांतून गेले. मापं तू काढायचीस, आखायचीस, चिकटवायचीस. मी कापायची आणि भोकं पाडायची.

तर आता ऐक. तुला माहीतच आहे, पण तुझ्यासमोर माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही.

दहाव्याला तुझ्या घरी सगळे जमले होते. जेवणं झाली, सुपारी फिरली, तुझ्या आठवणी निघाल्या आणि निघायची तीच गोष्ट निघाली. भाऊजींनीच काढली. "आमच्या विजूने एकदा अवकाशयानाला चिकूची भोकं पाडली होती, माहीत आहे ना?" तळासरीच्या तुझ्या मामेभावाला माहीत नव्हती, म्हणून पहिल्यापासून सांगितली. तू सांगायचीस तशीच, हातवारे करून. लोक हसले. रडून रडून डोळे सुजलेली मानसीसुद्धा हसली, "आई म्हणजे ना!" म्हणाली. आणि विजू, मीही हसले. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून हसले. ती भोकं तू पाडली नव्हतीस, मी पाडली होती. हे जगात दोघींनाच माहीत होतं, त्यातली एक नुकतीच गेली होती, आणि उरलेली तिच्या घरात बसून खिदळत होती.

घरी येऊन मी चूळ भरली. तरी तोंडाची चव जाईना.

सहा वर्षं झाली त्याला. तो मुंबईचा सौमित्र बोर्डीला फिरायला आला होता, जाताना चिकूची पेटी घेऊन गेला आणि आठ दिवसांनी ती रिकामी पेटी काखेत मारून आपल्या दारात हजर. "हा कोपरा कोणी बसवलाय? पिन नाही, टेप नाही, तरी सुटत नाही." तू हात वर केलास, शाळेत करतात तसा. मी त्याला विचारलं, "तक्रार आहे का?" तर म्हणे नाही, काम आहे. त्याला एका सिनेमासाठी पेटी हवी होती. जुना सिनेमा, अवकाशयानाचा, फार कुणी बघितलेला नाही. तो साफसूफ करून डिस्कवर काढणार होता, पाचशेच प्रती, प्रत्येक पेटीवर नंबर. आत डिस्क, फोटो, एक पुस्तिका आणि कापडी बिल्ला. मी म्हटलं, "अरे बाबा, आता डिस्क बघतं कोण? सगळं मोबाइलवर आहे." तो म्हणाला, "काकू, बघायला नाही, जपायला." मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, याचा एक स्क्रू ढिला आहे. तू म्हणालीस, "असू दे, कोपरा ओळखला त्याने."

मग त्याने लॅपटॉपवर तो सिनेमा दाखवला. आपण दोघी चिकूच्या पेट्यांवर बसून बघितला. एक बाई यानात एकटी, कुठूनतरी हवा निसटतेय, आणि ती दीड तास ते बारीकसं भोक शोधतेय. मी म्हटलं, "हिने ट्यूबसारखं पाण्यात बुडवून बघावं, बुडबुडे दिसतील." तू मला कोपर मारलंस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. "ही जेवते कधी?" एवढंच विचारलंस त्याला. तो खूश झाला. म्हणाला, हे आजवर कोणी विचारलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे तू माझी राहिली नाहीस. चिकूच्या पेट्या मी एकटी ओढत होते आणि तू त्या काळ्या झाकणाच्या मागे. तुला ते झाकण आपोआप बंद व्हायला हवं होतं. पेटीवर ठेवायचं, हात सोडायचा, आणि आतली हवा कडेकडेने निघत जाईल तसं ते सावकाश खाली उतरायला हवं. कधी बसायचंच नाही. कधी धपकन पडायचं. तू एक कागद आतून चिकटवायचीस, वाळवायचीस, घासायचीस, परत चिकटवायचीस. मी चिडवायची, "चालू द्या, शास्त्रज्ञबाई." आणि एका दुपारी ते झालं. झाकण ठेवलंस, बोटं उचललीस, आणि ते उतरायला लागलं. तू मोजत होतीस, एक, दोन, तीन. नवाला ते टेकलं. आपण दोघी तोंडं उघडी टाकून बघत होतो. मग तू मला मिठी मारलीस आणि माझ्या पाठीला सगळी खळ लागली. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्या कामाने झाला नव्हता, हे आज सांगते. त्या दिवशी सांगितलं नाही.

सौमित्रने ते झाकण सहा वेळा उघडलं आणि सहा वेळा सोडलं. मग म्हणाला, "हे यानाचं दार आहे, ताई." आणि म्हणाला, "पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तुमचं नाव जाईल. पेटीची रचना तुमची." तू इतकी लाजलीस की हात पुसायला पदर कुठला आणि फडकं कुठलं, हे तुला कळेना.

मला झोंबलं. आता लपवून काय करू? भयंकर झोंबलं. कापायचं मशीन माझ्या सासऱ्यांचं, शेड माझ्या जागेत, हात माझे कापून घेतलेले, आणि नाव तुझं छापून येणार. दोन दिवस मी गप्प होते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फुटले. "तो पुठ्ठा कापतं कोण? माझं नाव कुठाय?" तू लगेच म्हणालीस, "मी सांगते त्याला, दोघींची घालेल." तेवढ्यावर गप्प बसावं ना मी? नाही. म्हटलं, "उपकार नकोत तुझे." तू पिशवी उचललीस आणि तळासरीला निघालीस, तुझ्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं. जाताना म्हणालीस, "झाकणांचे पुठ्ठे काढून ठेवलेत, फक्त काप. सौमित्र चारला येतोय, तोवर मी येते."

फक्त काप. मला ऐकू आलं होतं.

आपली पद्धत ठरलेली होती. चिकू श्वास घेतो, कोंडला की काळा पडतो, म्हणून पेटीच्या बाजूंना भोकं लागतात. मिठाईच्या खोक्याला लागत नाहीत. ज्या गठ्ठ्याला भोकं हवीत त्याच्या वरच्या पुठ्ठ्यावर तू निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायचीस. खूण असेल तर मी कापून झाल्यावर खटका दाबून भोकं पाडायची, नसेल तर नाही. त्या गठ्ठ्यावर खूण नव्हती. काळी छापलेली बाजू ओरखडू नये म्हणून पुठ्ठे पालथे होते, करडी बाजू वर, आकारही साधारण चिकूच्या छोट्या पेटीएवढाच. मी मनात तुझ्याशी भांडत होते. तू हे म्हणशील, मग मी ते म्हणेन. आणि हात आपले काम करत होते. कापलं, सरकवलं, खटका. कापलं, सरकवलं, खटका. चांगला वेग लागला होता. शेवटचा पुठ्ठा झाला, तो मी उचलून उलटा केला. काळा होता. त्यावर बारीक चांदण्या होत्या आणि दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन भोकं होती.

मी दुसरा उलटला, तिसरा उलटला. कशाला उलटत होते कोण जाणे. तो काळा कागद सौमित्रने स्वतः आणला होता, तेवढाच होता, आणि दिवस उरले नव्हते.

आणि मग मी ते केलं. तुझ्या डब्यातून निळी पेन्सिल काढली आणि वरच्या पुठ्ठ्यावर खूण केली. पेन्सिल परत डब्यात ठेवली. हात धुतले. देवापुढेसुद्धा मी हे कधी बोललेले नाही.

चारला तू आलीस, मागोमाग तो आला. त्याने एक झाकण दुमडून पेटीवर ठेवलं आणि सोडलं. धप्प. भोकांतून हवा गेली की झालं, उतरायचं कशाला ते सावकाश! त्याचा चेहरा पांढराफटक. "अहो, ती बाई दीड तास जिवाच्या आकांताने एक भोक शोधते, आणि तुम्ही झाकणालाच चार पाडून ठेवलीत?" मी म्हटलं, "खूण होती. खूण असली की मी पाडते." माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. तू तो पुठ्ठा हातात घेतलास. तुझी खूण उजवीकडे कललेली असायची, शेपूट लांब. ही उभी होती, तोकडी. तुला तुझी खूण कळणार नाही होय? तू ती बघितलीस, मग मला बघितलंस. मी नजर काढून घेतली. तू म्हणालीस, "माझ्याकडूनच झालं. घाईत होते."

तो तुला खूप बोलला. तू मान खाली घालून ऐकलंस. मी मशीनला तेल घालत होते. तेलाची गरज नव्हती.

पेट्या त्याने मग उशिरा, नवा कागद आणून मुंबईला करून घेतल्या, तुझ्याच नमुन्यावरून. लोकांना फार आवडल्या म्हणे, ते झाकण उतरताना सगळे व्हिडिओ काढायचे. मानसीने तुला मोबाइलवर दाखवले होते. तू दोन बोटांनी मोठं करून करून पुस्तिकेचं शेवटचं पान वाचलंस. छापणाऱ्याचं नाव होतं, रंग सुधारणाऱ्याचं होतं, बिल्ला शिवणाऱ्या बाईचंही होतं. तुझं नव्हतं. तू म्हणालीस, "छपाई छान आली आहे." आणि मोबाइल परत दिलास.

भोकं पडलेली एक पेटी तू चिकटवून पूर्ण केलीस आणि घरी शोकेसमध्ये ठेवलीस. कोणी विचारलं की गोष्ट सांगायचीस. स्वतःवरच हसायचीस. "चिकूवाल्या बायका आम्ही, यानालापण श्वास घ्यायला जागा ठेवली!" भाऊजी हसून हसून लाल व्हायचे. मी समोर असले तर सांगताना तू माझ्याकडे बघायची नाहीस. कधी वाटायचं, माझी लाज राखते आहे. कधी वाटायचं, थोडी थोडी शिक्षा देते आहे, पुरवून पुरवून. खरं काय होतं ते तूच जाणे. मात्र त्या दिवसानंतर तू निळी खूण केली नाहीस. माझ्याशेजारी येऊन उभी राहायचीस आणि तोंडाने सांगायचीस, "कुंदे, याला पाड. याला नको." सहा वर्षं. प्रत्येक गठ्ठ्याला.

आणि तरी तू काय काय केलंस माझ्यासाठी! माझं बोट मशीनखाली आलं तेव्हा महिनाभर माझी वेणी तू घातलीस. इतकी घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या, आणि मी ओरडले की म्हणायचीस, "गप गं, तुझे केस तुझ्यासारखेच हेकट आहेत." भाऊजींचा डबा, माझा डबा, तुझा डबा, असे तीन डबे रोज. खरंच कुणाचं कुणावाचून अडत नाही असं म्हणतात ना, ते साफ खोटं आहे. माझं सगळं अडलंय.

तू जायच्या पाच दिवस आधी टेम्पो दारात उभा होता. आपण माल चढवत होतो. तू एकदम म्हणालीस, "कुंदे, त्या खुणेचं एकदा बोलायचं होतं." मला कळलं ना! लख्ख कळलं. तरी म्हटलं, "कुठली खूण? माल चढव आधी, ड्रायव्हर बोंबलतोय. मग बोलू." तू "बरं" म्हणालीस. काय बोलणार होतीस गं? शिव्या देणार होतीस? दे ना मग! थोबाडीत मारली असतीस तरी मी दुसरा गाल पुढे केला असता. पाच दिवस होते माझ्याकडे. पाच दिवस मी तुझ्याशी चिकूच्या भावाबद्दल बोलले.

काल दुपारी तुझ्या घरी गेले. मानसी दोन दिवसांत वापीला कामावर जाणार म्हणून आवरत होती. शोकेस पुसताना तिने ती पेटी काढली, फडक्याने पुसली आणि म्हणाली, "मावशी, ही मी घेऊन जाऊ का? आईची चूक. तिची आठवण म्हणून." मला वाटलं, आता नाही बोलले तर जीभ झडेल माझी. म्हटलं, "ती चूक तुझ्या आईची नाही. माझी आहे." आणि सगळं सांगितलं. झोंबलेलं, भांडण, खटका, पेन्सिल. एकही गोष्ट गाळली नाही. मी उभीच होते. कोणी बस म्हणालं नाही.

मानसी बराच वेळ हातातलं फडकं दुमडत बसली. मग म्हणाली, "आई होती तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तोंड नव्हतं गं."

"आणि आता आहे?"

इतके दिवस जे रडू येत नव्हतं ते तेव्हा यायला लागलं. ते मी दाबून धरलं, कारण तिच्यासमोर रडायचा मला काय अधिकार?

भाऊजी खुर्चीत होते. त्यांनी ती पेटी मागून घेतली. झाकण ठेवलं, सोडलं. धप्प. परत ठेवलं, परत सोडलं. "मी सहा वर्षं हसलो हिच्यावर," ते म्हणाले. "चारचौघांत. दहाव्यालासुद्धा हसलो, कुंदाताई. तुम्ही समोर बसला होतात." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मानसी उठली आणि माझा मोबाइल माझ्यासमोर धरला. "त्या माणसाला फोन कर. आत्ता. आमच्यासमोर."

नंबर होता. सौमित्रने दुसऱ्या रिंगला उचलला. स्पीकर चालू होता. "काकू! किती वर्षांनी! चिकू पाठवताय काय?" मी एका दमात बोलले, मध्ये थांबले असते तर पुढे गेलेच नसते. मग तो म्हणाला, "अहो काकू... मी ताईंना किती बोललो होतो त्या दिवशी. त्या एक शब्द बोलल्या नाहीत." पुढे म्हणाला, "नशीब बघा. त्या पेट्या संपल्या, लोक अजून मागतात, म्हणून परत काढतोय. पुस्तिका परवा छापायला जाणार. शेवटचं पान माझ्या हातात आहे. टाकतो त्यांचं नाव. आता पहिलं त्यांचंच टाकतो."

मानसीने डोळे मिटले.

"फक्त ताईंना विचारून सांगा, नाव कसं हवं. नुसतं विजया, की माहेरचं, की सासरचं. मागे एका बाईंचं मी माझ्या मनाने छापलं तर त्यांना ते आवडलं नव्हतं. आणि काकू, त्या आहेत का जवळ? द्या ना फोन. मला माफी मागायची आहे त्यांची."

विजू, मी कारखान्यात असते तर मागे वळून तुला हाक मारली असती. शपथेवर सांगते. माझी मान अर्धी वळलीसुद्धा.

भाऊजींनी माझ्या हातातून फोन घेतला. "ती गेली," म्हणाले. "दोन आठवडे झाले." मग त्याचा आवाज अगदी बारीक आला, "मग तुम्हीच सांगा ना, काका. त्यांना कसं आवडलं असतं?"

भाऊजींनी तोंड उघडलं. तुझं नाव, त्यांचं नाव, आडनाव, असं रेशनकार्डावर आहे तसं सुरू केलं आणि मध्येच थांबले. "थांबा," म्हणाले. मानसी म्हणाली, "बाबा, बँक सोडली तर आईने हे कुठेच लिहिलं नसेल." मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षं तुझ्या शेजारी उभी होते मी. तू पुठ्ठ्यावर मापं लिहायचीस, आकडे लिहायचीस, कुणाचा माल ते लिहायचीस. स्वतःचं नाव लिहिताना मी तुला एकदाही बघितलेलं नाही, आणि विचारलं तर नाहीच नाही. भाऊजी त्याला म्हणाले, "उद्या कळवतो." तो म्हणाला, "दुपारी बारापर्यंत कळवा, प्लीज."

मी निघाले तेव्हा मानसी दारापर्यंत आली. मला वाटलं, आता ये म्हणेल किंवा येऊ नको म्हणेल. ती म्हणाली, "तूच ठरव, मावशी. तिचं नाव तूच घालवलंस ना, आता तूच लिही."

सकाळपासून मी लिहून बघते आहे. नुसतं विजया लिहिलं तर कुणीही होतेस, डहाणूत शंभर विजया असतील. माहेरचं लिहिलं तर तळासरीची मुलगी होतेस, तिला मी कधी बघितलेलंच नाही. सासरचं लिहिलं तर भाऊजींची बायको. आणि विजू लिहिलं तर माझी, आणि तुला माझी म्हणायला मी तोंड ठेवलेलं नाही. साडेदहा वाजलेत. सांग ना गं, काय लिहू?